दळण वेगळे, हिंग वेगळा: गव्हाविना पहिले वर्ष

जून २०२३ मध्ये आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरील वर्गापर्यंत जाताना मला दोनदा जिन्यात थांबावे लागू लागले, तेव्हा मी प्रथम डॉक्टरांकडे गेले. हिमोग्लोबिन ७.९ निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्यांच्या जोडीला घरचे उपाय म्हणून अळिवाचे लाडू, खजूर, बीट असे सगळे काही पोटात गेले आणि चार महिन्यांनी हिमोग्लोबिन झाले ८.३. पोट फुगणे, अधूनमधून जुलाब आणि केस गळणे हे सगळे बरीच वर्षे चालूच होते. मी बार्शीकडची, म्हणजे लहानपण दोन्ही वेळच्या ज्वारीच्या भाकरीवर गेलेले. पोळी आमच्याकडे सणाची. लग्नानंतर पुण्यात आले आणि दोन्ही वेळची पोळी सुरू झाली. आई तेव्हा म्हणायची, "तुला पुण्याचं पाणी मानवलं नाही गं." तिचे निदान फारसे चुकीचे नव्हते, फक्त तिने दोष पाण्याला दिला.

गोळ्यांनी लोह वाढत नाही, याचा अर्थ ते आतड्यातून शोषलेच जात नसावे, असे सांगून डॉक्टरांनी नोव्हेंबरमध्ये दोन रक्ततपासण्या लिहून दिल्या: टीटीजी-आयजीए (आतड्याच्या एका आजारात रक्तात वाढणारे प्रतिपिंड) आणि एकूण आयजीए (त्या वर्गातली सगळी प्रतिपिंडे). ही दुसरी तपासणी अनावश्यक वाटून काही जण टाळतात. तसे करू नये, कारण ज्यांच्या शरीरात मुळातच आयजीए कमी असते त्यांची पहिली तपासणी आजार असूनही सामान्य येऊ शकते. दोन्हींचे मिळून १,६५० रुपये झाले आणि अहवाल चार दिवसांनी आला. त्या प्रयोगशाळेच्या मापात टीटीजीचा २० च्या खालचा आकडा सामान्य होता आणि माझा १६८ होता. खाली कोणीतरी पेनाने 'सिलिअ‍ॅक?' असे लिहिले होते. तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला.

इथे मी जी चूक केली ती इतरांनी करू नये, म्हणून ती सविस्तर सांगते. पोटविकारतज्ज्ञांची वेळ २० डिसेंबरची मिळाली होती. तोपर्यंत मी इंटरनेटवर वाचून स्वतःच्या बुद्धीने गहू पूर्ण बंद केला आणि तीन आठवड्यांत पोट बऱ्यापैकी शांत झाल्यामुळे मनातून स्वतःवर खूशही झाले. तज्ज्ञांनी हे ऐकले आणि कपाळाला हात लावायचेच बाकी ठेवले. निदान पक्के करण्यासाठी एंडोस्कोपीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे तुकडे घेऊन तपासायचे असतात आणि गहू बंद केला की तिथली इजा भरून येऊ लागते. मग चित्र धूसर होते, आणि जन्मभर पाळायच्या पथ्याचा पाया असा धूसर ठेवता येत नाही. "रोज निदान दोन पोळ्या, सहा आठवडे," असे त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून दिले. ज्या अन्नाने आपल्याला त्रास होतो हे नुकतेच कळले आहे, ते अन्न औषधासारखे वेळेवर खाणे किती अवघड जाते, हे त्या सहा आठवड्यांत कळले. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू सोडू नका, हे पहिल्या डॉक्टरांनी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

६ फेब्रुवारी २०२४ रोजी एंडोस्कोपी झाली. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचे होते. झोपेचे इंजेक्शन हवे असेल तर सोबत माणूस आणणे सक्तीचे होते, म्हणून नवऱ्याने अर्धा दिवस रजा काढली. प्रत्यक्ष तपासणी दहा-पंधरा मिनिटांत उरकली, कागदपत्रांना मात्र दीड तास लागला. तपासणीचे ७,५०० आणि तुकड्यांच्या अहवालाचे २,२०० रुपये वेगळे लागले. किती तुकडे घेणार हे आधीच विचारून घ्यावे. इजा सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे एक-दोन तुकड्यांवरून ती निसटू शकते. माझे सहा घेतले होते. अहवाल यायला नऊ दिवस लागले आणि त्यात इजेची पायरी 'मार्श ३बी' अशी लिहिलेली होती. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे जे बारीक अंकुर असतात आणि ज्यांच्यातून अन्नरस शोषला जातो, ते माझे बरेचसे झिजून गेले होते. लोह कुठे जात होते, याचे उत्तर मिळाले.

विम्याचा दावा पाच आठवड्यांनी नामंजूर झाला. दाखल होणे हे प्रामुख्याने निदानासाठी होते आणि असा खर्च पॉलिसीत वगळलेला आहे, असे कारण आले. पॉलिसीची प्रत काढून पाहिली तर तसे कलम खरोखरच होते. त्यामुळे एंडोस्कोपीपूर्वीच विमा कंपनीला ईमेलने विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. पैसे मिळतीलच असे नाही, पण पाच आठवडे आशेवर राहण्याचे वाचते.

१६ फेब्रुवारीला पथ्य सुरू झाले. डॉक्टरांनी एक हिशेब सांगितला, तो माझ्या मनात कायमचा बसला. एका मध्यम पोळीत दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे गव्हातले प्रथिन, असते, आणि त्या पोळीचे पन्नास भाग करून त्यातला एक भाग जरी रोज पोटात जात राहिला तरी आतडे भरून येत नाही. सिलिअ‍ॅक हा आजार म्हणजे अपचन नव्हे. गहू, सातू (बार्ली) आणि राय या धान्यांतल्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते. गव्हाचा हा संबंध नेदरलँड्समधील विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धातील १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला तेव्हा अशी आजारी मुले सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. त्याआधीच्या किती पिढ्यांतल्या मुलांना नुसतेच 'अंगी लागत नाही' म्हटले गेले असेल, हा विचार त्या दिवशी दवाखान्यातून घरी येईपर्यंत डोक्यात होता.

घरी पहिला प्रश्न सासूबाईंना समजावण्याचा होता. पोळी खायची नाही, एवढे त्यांना लगेच पटले. पण पोळीचे उलथने माझ्या भाकरीला लावायचे नाही, कणकेचा हात माझ्या पिठाच्या डब्यात घालायचा नाही, हे त्यांना अतिरेकी वाटत होते. शेवटी मीच म्हणाले, "आई, माझं सोवळं आहे असं समजा." त्या हसल्या आणि त्या दिवसापासून त्यांच्या हातून एकही चूक झाली नाही. सोवळ्याच्या मागे माणसांना दूर ठेवण्याचा जो इतिहास आहे तो मला ठाऊक आहे आणि तो शब्द वापरताना मला अवघडल्यासारखेही होते. तरीही वेगळे भांडे, वेगळे फडके, आधी हात धुणे ही सगळी शिस्त त्यांच्या पिढीच्या अंगवळणी पडलेली होती, आणि 'क्रॉस कंटॅमिनेशन'ने जे साधले नसते ते त्या एका शब्दाने साधले.

तुळशीबागेतून नवी चाळण, नवे पोळपाट-लाटणे आणि लाकडी उलथने आणले. चाळणीच्या जाळीत आणि लाकडाच्या भेगांत अडकलेले पीठ कितीही धुतले तरी निघत नाही, म्हणून या वस्तू नव्याच घ्याव्यात. स्टीलची भांडी आणि कुकर नीट घासून चालतात. एक लोखंडी तवा फक्त माझ्यासाठी ठेवला आणि त्याच्या मुठीला लाल दोरा बांधला. घरातल्यांची कणीक मळायची ती माझा स्वयंपाक झाकून ठेवल्यानंतर, कारण पीठ उडते आणि बराच वेळ हवेत राहते.

पिठाचे कोडे सुटायला सर्वाधिक वेळ लागला. आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत ज्वारीचे वेगळे जाते आहे, असे मालक सांगत. मी एक दिवस उभी राहून पाहिले. ज्वारीच्या जात्यावर आधी कोणाचे तरी मिश्र धान्याचे दळण चालू होते, आणि 'जाते साफ करणे' याचा अर्थ पुढच्या गिऱ्हाइकाचे पहिले मूठभर पीठ बाजूला काढणे एवढाच होता. त्यांची काही चूक नाही, गिरणी तशीच चालते. एप्रिलमध्ये आम्ही १८,५०० रुपयांना घरघंटी घेतली. या वर्षातला हा सर्वांत मोठा खर्च होता आणि सर्वांत उपयोगाचाही. तिच्यात गहू कधीही घालायचा नाही, हा घरातला एकमेव असा नियम आहे ज्यावर चर्चा होत नाही. मार्केट यार्डाच्या भुसार विभागातून मालदांडी ज्वारी एकदम आणते आणि दळण्यापूर्वी ताटात पसरून निवडते. पोत्यातल्या ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात. पहिल्या खेपेला पाच किलोत मला एकवीस सापडले. बेसनही आता सुटे घेत नाही, कारण दुकानात मैद्याचा आणि बेसनाचा मापटा एकच असतो. डाळ आणून घरीच दळते.

पाकिटांच्या बाबतीत 'ग्लुटेन-फ्री' या शब्दाला आपल्याकडे कायद्याने अर्थ आहे. किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन त्यात असता कामा नये. ज्यावर तसे लिहिलेले नाही त्यावर घटकांच्या यादीखालची अ‍ॅलर्जीची ओळ वाचावी. गहू असेल तर तो तिथे सांगावा लागतो. पुढच्या बाजूचे मोठे शब्द वाचून काहीच कळत नाही. 'नाचणी बिस्किटे' म्हणून घेतलेल्या पुड्यात पहिला घटक मैदा होता. 'मल्टिग्रेन' पिठात बहुतेक वेळा सर्वांत जास्त गहूच असतो. कॉर्नफ्लेक्समध्ये आणि दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींत माल्ट असते, आणि माल्ट म्हणजे सातू. साधे ओट्स गव्हाच्याच यंत्रांवरून येतात, म्हणून डॉक्टरांनी पहिले वर्षभर तेही बंद ठेवले. खपली गहू चालतो, असे मला निदान सात जणांनी आपुलकीने सांगितले. चालत नाही, कारण खपली हाही गहूच आहे. खास ग्लुटेनमुक्त पावाची छोटी लादी मी एकदाच २८० रुपयांना घेतली, दुसऱ्या दिवशी तिचा भुगा झाला, आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

ज्या मुलीने बार्शीत आजीच्या काठवटीशेजारी बसून भाकरी थापायला शिकले होते, तिच्या वीस वर्षांनंतरच्या पहिल्या भाकऱ्या चिरल्या. हात विसरला होता आणि पीठही दुकानातले जुने होते, त्याची विरी गेलेली होती. ग्लुटेनमुळे कणकेला ताण येतो म्हणून पोळी लाटता येते, भाकरीचे पीठ मात्र थापावे लागते. ताजे पीठ आणि उकळते पाणी एवढ्यावर ते जमून येते, म्हणून मी आता एका आठवड्यापुरतेच दळते. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गहू असतो हे आपण विसरून गेलेलो असतो. गव्हाच्या जागी थोडी जास्त ज्वारी आणि तांदूळ घालून दोन्ही नव्याने केले, आणि भाजणीत तर फरक कोणाच्या लक्षातही आला नाही. कुरडई गेली ती गेलीच. पहिले तीन महिने दूधही पचत नव्हते, कारण दुधातली साखर पचवणारा रस त्या झिजलेल्या अंकुरांवरच तयार होतो. मेअखेरीस ताक आणि जूनमध्ये चहा परत आला.

आणि आपला उपवास! साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा यांत कशातच ग्लुटेन नाही. १७ जुलैच्या आषाढी एकादशीला साऱ्या घराने माझे अन्न खाल्ले, आणि मीही कोणाला काही न विचारता पाच महिन्यांत प्रथमच दुसऱ्यांदा वाढून घेतले. फक्त बाहेरचा साबुदाणावडा टाळते, कारण तो ज्या कढईत तळतात त्याच तेलात सकाळी समोसे तळलेले असतात.

एवढे सगळे करूनही जूनमध्ये पोट पुन्हा बिघडले. आहारतज्ज्ञ बाईंनी आठवडाभराच्या खाण्याची वही मागितली आणि ती चाळता चाळता विचारले, "तुम्ही फोडणीत हिंग कोणता घालता?" घरी येऊन डबीवरची बारीक अक्षरे वाचली. डिंक, मैदा आणि मग हिंग, असा क्रम होता. बांधणी हिंगात चीक सौम्य करण्यासाठी मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळलेले असते. चार महिने मी रोज दोन वेळा, आमटीत, भाजीत, लोणच्यात, स्वतःच्या हाताने चिमूटभर मैदा घालत होते. त्या रात्री मी रडले, असे लिहायला संकोच वाटतो, पण निदानाच्या दिवशीही रडले नव्हते ती त्या डबीपुढे रडले. घरातली तिन्ही लोणची, सांबार मसाला आणि उडदाचे पापड शेजारी देऊन टाकले. आता तांदळाच्या पिठातला हिंग पाकिटावर वाचून घेते, नाहीतर हिरा हिंगाचा खडा. तो महाग असतो, पण ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा दोन दिवस पुरतो.

सहा महिने मी घराबाहेर काहीच खाल्ले नाही. बाहेर खाण्याची सुरुवात उडुपी हॉटेलातून केली, आणि तीही दुपारी चारला, गर्दी नसताना. 'ग्लुटेन' या शब्दाने काम होत नाही हे पहिल्याच दिवशी कळले. वाढपी म्हणाला, "नाही मॅडम, आपण ते टाकत नाही." म्हणून एक कार्ड छापून घेतले, मराठी एका बाजूला आणि हिंदी दुसऱ्या: 'मला गहू, मैदा, रवा, कणीक, सातू आणि मैदा असलेला हिंग यांची अ‍ॅलर्जी आहे. थोडेसेही चालत नाही. तवा आणि झारा धुऊन घ्यावा.' वैद्यकीय अर्थाने ही अ‍ॅलर्जी नाही, पण तो शब्द ऐकल्यावर लोक थांबतात. साध्या डोशातही प्रश्न असतो, कारण त्याच तव्यावर आधी रवा डोसा झालेला असतो. वाफवलेली इडली आणि ताजी खोबऱ्याची चटणी एवढ्यावर मी बरेच महिने काढले. सांबार घेत नाही, हिंगामुळे. मिसळीच्या वाटेला जात नाही, कारण फरसाणात काय काय आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसते.

डिसेंबरमध्ये मालवणला गेलो. तांदूळ आणि नारळ, म्हणजे सगळे आपलेच, असे मला वाटत होते. पण सुरमई आणि बोंबील रव्यात घोळवून तळतात, आणि कोंबडी-वड्यांच्या पिठात काही घरी गहूही असतो. पहिल्या खानावळीत कार्ड वाचून मालक वैतागले आणि आम्ही उठलो. दुसरीकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशी स्वतः बाहेर आल्या, कार्ड दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "बसा, लोखंडी तवो वेगळो ठेवतंय. तांदळाच्या पिठात करून दितंय." तांदळाची भाकरी, सुरमई, सोलकढी. मी त्यांना जाताना नवे कार्ड दिले, ते त्यांनी गल्ल्यावरच्या काचेखाली सरकवून ठेवले.

नात्यांतल्या समारंभांत मात्र असे सरळ काही नसते. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो. पहिल्यांदा मी तो हातात घेऊन नंतर मुलीला दिला आणि हात धुतले. आता पूजेच्या आधीच यजमानांना फोन करून एक केळे वेगळे ठेवायला सांगते. जानेवारीत भाच्याच्या लग्नात माझा डबा पाहून आत्या म्हणाल्या, "अगं, एक घास गोडाचा घेतलास तर काय होतंय? शकुनाचा असतो." मी काही बोलले नाही. वाद घालण्यापेक्षा डब्यात स्वतःचे काहीतरी गोड न्यावे, हे मी त्या दिवशी शिकले.

तपासण्यांचे आकडे असे: ऑगस्टमध्ये टीटीजी ६१, फेब्रुवारी २०२५ मध्ये १७. हिमोग्लोबिन १२.१. हाडांच्या घनतेची तपासणी २,२०० रुपयांना झाली आणि तीत हाडे थोडी विरळ निघाली, म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू आहे. गोळ्यांमध्येही स्टार्च असते, बहुतेक वेळा मक्याचे, पण नवी गोळी घेताना औषध दुकानदाराला विचारून घेते. आईवडील, भावंडे आणि मुले यांच्यापैकी साधारण दहांत एकाला हा आजार असू शकतो, म्हणून मुलीची आणि भावाची तपासणी केली. मुलीची ठीक आली. भावाचा आकडा ९४ आला आणि त्याची एंडोस्कोपी एप्रिल २०२५ मध्ये ठरली. त्याला मी पहिल्याच फोनवर सांगितले, की गहू सोडू नकोस.

२०२५ च्या होळीला पुरणपोळीचा तिसरा प्रयत्न केला. तांदूळ-ज्वारीची पारी लाटताना पुन्हा फाटली. मग तेच पुरण तांदळाच्या उकडीत भरून, मोदकासारखे वळून वाफवले. सासूबाईंनी नैवेद्याच्या ताटात पोळीशेजारी दोन ठेवले आणि ताट होळीकडे नेण्याआधी दोहोंच्या मध्ये केळीच्या पानाचा एक तुकडा सरकवला.